जिन चालू झाली की

सासरी आल्यावर पहिले पाच महिने मला सगळं ऐकू येत होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात प्रत्येकानं मला हेच ऐकवलं.

आणीबाणी लागली त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माहेर अल्लीपूरचं. घर गावाच्या अगदी कडेला, मागच्या दारातून थेट वावर दिसायचं. घरात आई, बाबा आणि मी. मोठ्यानं बोलायची कुणालाच सवय नव्हती. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा ओसरीत पाच-सहा माणसं बसली होती. एकेकानं विचारलं, मी उत्तर दिलं. किती शिकली, काय काय येतं, वाचता येतं का. एकही उत्तर चुकलं नाही. शाळेत बुटकी म्हणून पहिल्या रांगेत बसले होते, गुरुजींचं तोंड कायम समोर. मला कमी ऐकू येतं हे आईला माहीत नव्हतं, बाबांना नव्हतं, आणि मलाही नव्हतं. त्यामुळे फसवलं असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य नाही.

सासर सिंदी रेल्वेचं. पुढे किराण्याचं दुकान, मागे घर, घरामागे आंगण आणि आंगणाची भिंत. भिंतीपलीकडे टिनाचे उंच शेड होते. लग्न वैशाखातलं, तेव्हा त्या शेडांवर कबुतरं बसलेली असायची. मला वाटलं, कुणाचं गोदाम असेल. घरात मामाजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. पुरुष दिवसभर दुकानात. आम्ही तिघी बायका मागे. आत्याबाईंना बोलायला फार आवडायचं. मी भाकरी थापत असले की त्या पाटावर बसून सिंदीतल्या घराघराची हकीगत सांगायच्या. त्या पाच महिन्यांत मी त्यांची लाडकी झाले होते. जाऊबाईंना ते फारसं रुचत नव्हतं, पण त्याही बोलायच्या.

दसरा झाला, कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायला लागल्या आणि एका सकाळी त्या शेडांतली जिन चालू झाली. सरकी वेगळी करणारी यंत्रं, कितीतरी, एका रांगेत. तो आवाज कानठळ्या बसवणारा नव्हता. एकसारखी घरघर होती, जमिनीतून पायात चढणारी. तांब्यातलं पाणी थरथरायचं. हवेत कापसाचे तूस उडायचे आणि दुधावर येऊन बसायचे. घरच्यांना त्याचं काहीच नव्हतं. ती सगळी त्या आवाजाला सरावलेली, त्यातूनच एकमेकांशी नेहमीच्या आवाजात बोलायची.

पहिल्या दिवशी आत्याबाईंनी देवघरातून काहीतरी सांगितलं. आवाज मला आला. त्यांचाच आवाज, आणि माझ्यासाठीच होता तेही कळलं. पण शब्द नव्हते. पाटीवरची अक्षरं ओल्या बोटानं पुसावीत आणि नुसता पांढुरका ओघळ उरावा तसं काहीतरी. मी अंदाजानं ताट नेऊन ठेवलं. त्यांना पाट हवा होता. त्या हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी असंच झालं, तिसऱ्या दिवशीही झालं, आणि मग त्या हसेनाशा झाल्या.

आठ-दहा दिवसांनी यांचे मामा हिंगणघाटहून जेवायला आले. चुलीवर भात होता. आत्याबाई दारातून ओरडल्या. मला "जाळ काढ" ऐकू आलं. भात अजून फुटलाही नव्हता, पण मी विचार केला, त्यांना जास्त कळतं. चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढली आणि पाणी शिंपडलं. पानं वाढायच्या वेळी भात कच्चा निघाला.

"डाळ काढ म्हटलं तुले मी, डाळ. जाळ काऊन काढला?"

"मले जाळ आयकू आलं, आत्याबाई."

"पाच महिने तर सारं आयकू येत होतं. आताच काय झालं कानाले?"

मलाच कळत नव्हतं काय झालं ते. आणि त्यात आणखी एक गोष्ट अशी की आठवड्यातून एक दिवस जिन बंद असायची. त्या दिवशी मला सगळं ऐकू यायचं. दुकानातून मामाजींनी हाक मारली तरी मी आतून ओ द्यायची. जाऊबाईंनी ते बरोबर हेरलं. "इले सोयीनं आयकू येते," असं त्या म्हणाल्या, आणि नेमक्या त्या बंदच्या दिवशी म्हणाल्या, म्हणून मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मग मी मान हलवायला शिकले. कुणी काही बोललं की "हो" म्हणायचं. चेहरा हसरा दिसला तर हसायचं, चेहरा पडलेला दिसला तर "अगं बाई" म्हणायचं. चार बायका बसून शेवया करत असल्या आणि सगळ्या हसल्या की मी क्षणभर मागून हसायची. तो क्षण कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून खाली बघायची. संध्याकाळपर्यंत डोकं इतकं शिणायचं की कुणी बोलूच नये असं वाटायचं, आणि कुणी बोलत नव्हतं तेव्हा रडू यायचं. यांच्याशी बोलणं व्हायचं ते दुकान बंद झाल्यावर. तोपर्यंत जिनची पाळी सुटलेली असायची, त्यामुळे यांना माझ्यात काहीच वेगळं दिसत नव्हतं. आत्याबाईंची तक्रार ते ऐकून घ्यायचे आणि मला म्हणायचे, "लक्ष देत जाय थोडं." मी देते म्हणायची.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं झालं. सून नवी म्हणून. मागच्या खोलीत पंचवीस-तीस बायका, स्टीलच्या वाट्या वाण म्हणून वाटायच्या होत्या त्यांचा खणखणाट, लेकरांची रड, आणि भिंतीपलीकडे जिन. अल्लीपूरची आमच्या शेजारची एक बाई आली होती. तिची मुलगी सिंदीत दिलेली, तिच्याकडे ती आली होती. तिला पाहून मला इतका आनंद झाला की मी हातातलं कुंकू तसंच टाकून तिच्याजवळ गेले. तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ बोलत राहिली. तिच्या बोलण्यातलं "माय" हे मला कळलं. "वाट" कळलं. आई तुझी वाट पाहते, असं माहेरचं प्रत्येक माणूस म्हणतं. मी हसले. "हो, हो," म्हणाले. "मायले नमस्कार सांगजा माहा." तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाटी दिली. ती माझ्याकडे जरा रोखून बघत राहिली. मग मागची बाई पुढे आली आणि मी तिला कुंकू लावायला लागले.

दहा-बारा दिवसांनी बाबांचं पोस्टकार्ड आलं. बाबा मोजकं लिहायचे. तुझ्या आईला महिनाभर ताप होता, अंथरुणातून उठत नव्हती. ती सारखी तुझं नाव घेत होती म्हणून शेजारच्या बाईंबरोबर निरोप धाडला. तू हसलीस असं त्यांनी येऊन सांगितलं. आता ताप उतरला आहे. तिकडे काम असेल, काही हरकत नाही.

मी ते कार्ड कितीदा वाचलं सांगता येत नाही. "काही हरकत नाही" हे सगळ्यात जास्त लागलं.

यांना कार्ड दाखवलं. त्यांनी वाचून माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन निघाले. सिंदीहून पॅसेंजरनं वर्धा, वर्ध्याहून अल्लीपूरची एस्टी. आई ओसरीत बाजेवर बसली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला. बाबा यांना चहा देण्यात गुंतले. थोड्या वेळानं ती माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मी रोज एस्टीची वाट पाहू पाहू थकली. तू हासली म्हने."

"माय, मले आयकूच नाई आलं. तिथं लय आवाज होता. मले समजलंच नाई ते काय बोलून राह्यली."

"आता तर मी तोंडातल्या तोंडात बोलली. हे कसं आयकू आलं तुले?"

आत्याबाईंनी विचारलं तेच आईनं विचारलं. मी तिथं उभी होते आणि मला स्वतःचाच संशय आला. खरंच मी लक्ष देत नसेन का? एवढी बाई हात धरून सांगते, तुझी आई आजारी आहे, आणि ते मला कळू नये, असं कसं होईल? आई भिंतीकडे तोंड करून बाजेवर आडवी झाली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. जेवली का, झोप लागली का, एवढंच.

हे सगळं यांनी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकलं होतं. हे बोलत कमी आणि बघत जास्त. परतीच्या एस्टीत आम्ही मागच्या बाकावर होतो, खिडकीच्या काचा खडखडत होत्या. यांनी मला काही विचारलं. मी यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "तीन वाजले." वर्ध्याला उतरल्यावर यांनी स्टँडच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाखाली मला उभं केलं आणि माझ्या मागे जाऊन हळूच विचारलं, "पानी पाह्यजे का?"

"पाह्यजे."

"गाडीत बी मी हेच विचारलं होतं."

यांनी रसवंतीतून पाणी आणून दिलं, आणि गाडी येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. पाच महिन्यांच्या लाडात आणि तीन महिन्यांच्या बोलण्यात कुणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

माघात ते मला वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. कानाच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, लहानपणी कधी खूप सुया घेतल्या होत्या का. घेतल्या होत्या. आठ-नऊ वर्षांची असताना खोकला हटत नव्हता, तेव्हा कंपाउंडर रोज घरी येऊन सुई टोचायचा, दोन-तीन महिने. त्यानंच झालं असं त्या म्हणाल्या नाहीत, होऊ शकतं एवढं म्हणाल्या.

मग त्यांनी खिडकी लावून घेतली, तोंडापुढे कागद धरला आणि एकेक शब्द उच्चारला. मी तो परत म्हणायचा आणि यांनी लिहून घ्यायचा. एक-दोन सोडून सगळे बरोबर आले. मग त्यांनी भिंतीतला जुना पंखा लावला आणि नर्सला लोखंडी ट्रेमधली हत्यारं उगाच हलवत राहायला सांगितलं. पुन्हा शब्द म्हटले. झाल्यावर यांनी कागद वाचला. डॉक्टर सून म्हणाल्या होत्या, मी ऊन म्हटलं होतं. त्या खीर म्हणाल्या, मी तीर. त्या काप म्हणाल्या, मी ताप. हे वाचता वाचता हसायला लागले आणि मधेच थांबले.

"यांना आवाज येतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण शब्दांतली बारीक अक्षरं पुरती येत नाहीत. स, त, क, प असली. शांत जागी राहिलेल्या अक्षरांवरून आणि ओठ बघून त्या शब्द जुळवून घेतात. आपण जुळवतो हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. गोंगाट झाला की राहिलेली अक्षरंही त्यात बुडतात, मग जुळवायला काही उरत नाही."

"मंग आमी मोठ्यानं बोलू," हे म्हणाले.

"मोठ्यानं नको. ओरडलं की जाड आवाज आणखी जाड होतो, बारीक अक्षरं आहेत तिथंच राहतात. समोर या, तोंड दिसू द्या आणि सावकाश बोला."

ब्लाऊजला अडकवायची एक डबी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर, असं यंत्र त्यांनी आठ दिवस वापरून बघायला दिलं. दवाखान्यात ते चांगलं चाललं. घरी आणल्यावर त्यात आधी जिन शिरली, मग भांडी, मग माझ्याच पदराची सळसळ. माणसं होती तिथंच राहिली. आठ दिवसांनी परत केलं.

यांनी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "मी उगाच बोलली तुले, बाई." त्या दिवसापासून त्या मला एका शब्दानं रागावल्या नाहीत.

पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्याही नाहीत. मुद्दाम नव्हे. मायेनंच. तिला कशाला त्रास, असं म्हणून. पाट हवा असला तर हातानं चौकोन करून दाखवायच्या. हकीगती जाऊबाईंना सांगायच्या, त्याही मी शेजारी बसलेली असताना. दोघी हसल्या की मी विचारायची, "काय झालं?" जाऊबाई हात हलवून म्हणायच्या, "काई नाई." कधी आत्याबाई माझ्या समोर येऊन, तोंड मोठं उघडून, सावकाश म्हणायच्या, "काई... नाई... तुह्या... कामाचं." एवढं मात्र मला नीट ऐकू यायचं. पाव्हणे येणार आहेत हे मला पाव्हणे दारात आल्यावर कळायचं. जाऊबाईंना दिवस गेल्याचं मला चौथ्या महिन्यात, त्यांच्या पोटाकडे बघून कळलं. पूर्वी त्या रागावत होत्या तेव्हा निदान माझ्याशी भांडत तरी होत्या. नंतर मी घरातल्या एखाद्या मुक्या वस्तूसारखी झाले, जपून ठेवलेली.

यांनी आईलाही पत्र लिहिलं होतं. दवाखान्यात काय झालं ते सगळं, दोन्ही बाजूंनी भरून. आईला वाचता येत नव्हतं, बाबांनी वाचून दाखवलं. होळीच्या आधी, जिन बंद व्हायच्या थोडं अगोदर, आई एकटी सिंदीला आली. एकटीनं एवढा प्रवास तिनं आधी कधी केला नव्हता. चार दिवस राहिली. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आणि आम्हाला बघत राहिली. आत्याबाई बोलायच्या ते तिला कळायचं. मला कळत नव्हतं आणि मी मान हलवत होते, तेही तिला दिसत होतं. तिनं किती वेळ ते पाहिलं कुणास ठाऊक.

दुपारी तिनं मला खूण केली आणि आम्ही दोघी घराबाहेर पडलो. गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीचं झाड होतं. तिथं बसलो. तिथंही जिन ऐकू यायची, पण लांबून.

"आता आयकू येते का?"

"येते."

मग ती म्हणाली, "थे सुया मीच द्यायला लावल्या होत्या. डाक्टर म्हने पुरे आता, मीच म्हटलं, आनिक द्या."

"तुले काय मालूम होतं, माय."

"अन् तू हासली म्हून मी तुह्यावर रागावली."

ती रडली नाही. पडलेली बोरं वेचून, पदराला पुसून माझ्या हातात देत राहिली. पुढचे तीन दिवस आम्ही रोज दुपारी तिथं गेलो. तिनं अल्लीपूरच्या साऱ्या घरांची खबर सांगितली. कुणाची गाय व्याली, कुणाचं भांडण झालं, माझ्या मैत्रिणीला काय झालं. माझं वर्षभराचं न ऐकलेलं तिनं चार दिवसांत सांगून टाकलं. पाचव्या दिवशी यांनी तिला गाडीत बसवून दिलं. डब्याच्या खिडकीतून ती काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात मला ते कळलं नाही. मी मान हलवली नाही. नाही कळलं म्हणून हातानं सांगितलं. ती हसली, आणि गाडी निघाली.

पुढे वर्षं गेली. मुलं झाली. मुलं शहाणी निघाली, काही सांगायचं असलं की माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. पण मुलं मोठी झाली की बाहेर जातात. दरवर्षी दसऱ्यानंतर मी घरात असून नसल्यासारखी व्हायची आणि होळीनंतर परत यायची, तोवर सगळ्यांना माझ्याशिवाय बोलायची सवय झालेली असायची.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, आई गेली. तेराव्याला अल्लीपूरच्या घरी गाव लोटलं. मांडव घातला होता, पंगती चालू होत्या, आचाऱ्यांची भांडी वाजत होती. जेवण झाल्यावर बायका गोल करून बसल्या आणि आईच्या आठवणी सांगायला लागल्या. एक सांगायची, बाकीच्या हसायच्या, मग डोळे पुसायच्या. मी मधोमध बसले होते. लेक म्हणून सगळ्या माझ्याकडे बघूनच सांगत होत्या. मला एकही आठवण कळली नाही. माझी आई माझ्यासमोर दुसऱ्यांना मिळत होती. मी उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी यांना विचारलं, "काय म्हनत होत्या बाया?"

"चांगलंच बोलत होत्या साऱ्या."

"काय पन?"

यांना सांगता येईना. तिकडे पुरुषांत बसले होते हे.

मी यांना आणि मुलांना सिंदीला पाठवलं आणि आठ दिवस राहिले. रोज दुपारी एकेका घरी जायची. ज्या बायका त्या गोलात होत्या त्यांच्याकडे. भाकरी झाल्या असतील, माणसं वावरात गेली असतील अशा वेळी. समोर बसायची आणि म्हणायची, परवा मायबद्दल जे सांगितलं ते मले पुन्हा सांगा. बहुतेकींना अवघड व्हायचं. एकदा सांगून झालेलं पुन्हा त्याच रंगात सांगता येत नाही. "चांगली होती, कोनाच्या अध्यात ना मध्यात," असं म्हणून त्या चहा ठेवायच्या. दोघींना तर काय सांगितलं तेच आठवत नव्हतं. मी चहा पिऊन परत यायची.

सहाव्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईकडे गेले. तिचं घर आमच्या वावराच्या वाटेवर. ती सुपात तूर निवडत होती. मी विचारलं तसं तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर नीट वळून बसली.

"तुही माय नवी सून होती तवाची गोष्ट," ती म्हणाली. "तिले पोहता येत होतं, मालूम हाय का तुले?"

मला माहीत नव्हतं. मी तिच्या ओठांकडे बघत पुढे सरकले, आणि ती सावकाश सांगायला लागली.